छापखान्यातला भाचा

डायलिसिसच्या त्या खोलीत कादंबरी उलटीकडून वाचायची पद्धत होती. म्हणजे नवं पुस्तक आलं की आधी शेवटचं प्रकरण सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मग ज्याला हवं त्याने पहिल्या पानापासून सावकाश सुरुवात करायची. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटला असता, पण बाहेरच्या माणसाकडे पुस्तक संपवण्याइतका वेळ असतो. पूर्वी खिडकीजवळच्या खाटेवर एक कंत्राटदार असत. ते एका जाडजूड रहस्यकथेत गळ्यापर्यंत बुडाले होते आणि शेवटची थोडी पानं राहिली असताना एका मंगळवारी ते आलेच नाहीत. माणूस गेल्याचं वाईट वाटलंच, पण बिचाऱ्याला खुनी कोण ते कळलं नाही, याची हळहळ जास्त झाली. त्या दिवसापासून साहेबांनी नियम केला, आधी शेवट.

साहेब म्हणजे करखात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. नियम केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, आणि हल्ली केल्यावरही फारसं पचत नसे. त्यांच्या पलीकडे बेकरीवाला. त्याच्या पलीकडे चष्मेवाले, ज्यांचं चष्म्याचं दुकान आता मुलगा चालवत होता आणि 'बाबा, तुम्ही आराम करा' असं म्हणून त्याने बापाला इतका आराम दिला होता की घरात दिवसदिवस कुणी त्यांच्याशी बोलत नसे. आणि भिंतीकडच्या खाटेवर बाई. त्या शाळेत भूमिती शिकवायच्या. चौघं आठवड्यातून तीन सकाळी आपापल्या यंत्राला जोडलेले असत, आणि खोलीतला टीव्ही बंद पडून बरेच महिने झाले होते, त्यामुळे वाचण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

वाचलं की मत द्यायचं, हेही ओघानेच आलं. भावाभावांच्या भांडणावरची एक गाजलेली कादंबरी साहेबांनी 'चारशे पानं झाली तरी मृत्युपत्र नोंदवायचं कुणाला सुचत नाही' असं म्हणून निकालात काढली होती. बेकरीवाल्याला प्रेमकथा आवडत, पण त्याचं म्हणणं असं की त्या दोघांनी पहिल्याच प्रकरणात नीट बोलून घेतलं असतं तर पुस्तकाचा कागद वाचला असता. चष्मेवाले मत द्यायचे ते बाईंचं ऐकून घेतल्यावर, आणि साधारण तेच.

घोळ सुरू झाला तो बाईंनी 'मिठागडची गाथा' आणली तेव्हा. मिठाचा गड, त्याच्या दाराच्या किल्ल्यांसाठी भांडणाऱ्या तीन राण्या, आणि दारावर राखणीला बसलेला एकपंखी ड्रॅगन, असं ते प्रकरण होतं. साहेबांनी आधी नाक मुरडलं. त्यांच्या मते ड्रॅगन वगैरे लहान मुलांसाठी असतं. मग एका गुरुवारी त्यांच्याकडचं वाचायचं संपलं, नाइलाजाने त्यांनी पहिला भाग उघडला, आणि यंत्र थांबलं तरी ते उठेनात. महिन्याभरात चौघांचे सहा भाग वाचून झाले. बेकरीवाल्याचा जीव गडावरच्या स्वयंपाक्यात अडकला होता, कारण पाचव्या भागात त्याला विनाकारण तळघरात डांबलं होतं. साहेबांचा राग खजिनदारावर होता. ड्रॅगन सगळ्यांचाच लाडका होता.

आणि मग नियमाची आठवण झाली. सातवा आणि शेवटचा भाग अजून बाजारात आलेलाच नव्हता.

साहेब गंभीर झाले. शेवट नसलेलं पुस्तक खोलीत आलंच कसं, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याचा रोख सरळ बाईंवर होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला शेवट आधी नकोच असतो. मी थांबेन. सातवा भाग वाचला की मी मोकळी. मग मी यायची नाही, डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय."

बेकरीवाला हसला. साहेबही हसले. चष्मेवाले हसले नाहीत. बाईंचे दोन्ही हात सुयांनी काळेनिळे पडले होते, घरी त्यांचं कुणी नव्हतं, आणि विनोद करायची त्यांना सवय नव्हती. इथे यायचं थांबवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत नव्याने कुणाला सांगायची गरज नव्हती.

साहेब मात्र नियमावरच अडून बसले. उद्या आपल्यापैकी कुणाचं काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं, आणि बाईंची मान खाली गेली. ते चष्मेवाल्यांना बघवलं नाही. माणूस चांगल्या हेतूने मूर्खपणा करतो तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसतं. "शेवट मिळेल," ते म्हणाले. "माझा भाचा छापखान्यात आहे. सातवा भाग तिथेच छापला जातोय."

थाप मारताना त्यांना हातवारे करायची सवय होती. सुई टोचलेला हात हलला, नळी मुडपली आणि यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आल्या, "काका, हात सरळ ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं," असं म्हणून नळी नीट करून गेल्या. बाकी कुणी यंत्राकडे लक्ष दिलं नाही. सगळे चष्मेवाल्यांकडे बघत होते, आणि इतक्या आदराने त्यांच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला शेवट सांगणं भाग पडलं. चष्मेवाल्यांनी आयुष्यात चष्म्यांखेरीज दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे कल्पनेची धावही तेवढीच. त्यांच्या शेवटात असं निघालं की ड्रॅगनला लांबचं दिसत नव्हतं. म्हणून तो इतकी वर्षं चुकीच्या राणीला आत सोडत होता. एक म्हातारा कारागीर त्याला भिंगं घासून देतो, ड्रॅगनला खरी राणी दिसते, आणि गडाला शांतता लाभते. बाईंनी सुरुवातीलाच कानात कापसाचे बोळे घालून भिंतीकडे तोंड केलं होतं, ते चष्मेवाल्यांच्या पथ्यावरच पडलं.

शेवट सांगून झाला. "हा शेवट?" साहेब म्हणाले. "सहा भाग वाचून हा शेवट?" बेकरीवाल्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की स्वयंपाकी तळघरातच राहिला का. चष्मेवाल्यांना त्याचा चेहरा बघून राहवलं नाही. अजून पक्कं छापलं गेलेलं नाही, ते म्हणाले, भाच्याच्या कानावर घालून बघतो.

झालं. हात दाखवून अवलक्षण. शनिवारी स्वयंपाकी सुटला. मंगळवारी साहेबांच्या आग्रहाखातर खजिनदाराची चौकशी लागली आणि गुरुवारी तो दोषी ठरला, पण साहेबांना शिक्षा कमी वाटली म्हणून शनिवारी ती वाढवून मिळाली. शेजारच्या खोलीतला एक पेशंट सलाइनचा स्टँड ढकलत आला आणि मधल्या राणीचं लग्न लागलं तर बरं होईल, असं सुचवून गेला. सिस्टरनी एकदा नळी काढता काढता विचारलं, "ड्रॅगनला दुसरा पंख फुटेल का हो?" चष्मेवाले रात्ररात्र विचार करून मागण्या बसवत होते. एकाला खूश करावं तर दुसरा नाराज. पण जीव रमत होता हेही खरं. घरी मुलगा म्हणाला, "बाबा, हल्ली तुमचा चेहरा बरा दिसतो."

आणि मग सातवा भाग आला.

बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीने तो आणून दिला. बाईंनी तो कुणाच्या हातात दिला नाही. आधी आपण वाचणार, पहिल्या पानापासून, मग तुम्ही काय ते बघा, असं त्यांनी साहेबांना शाळेतल्या आवाजात बजावलं. साहेबांनी फारसा हट्ट धरला नाही. शेवट तर आपल्याला माहीतच आहे, ते म्हणाले, नुसता ताडून बघायचा आहे.

बाई वाचत होत्या आणि चष्मेवाले शेजारून बघत होते. दर खेपेला डावीकडची पानं वाढत होती आणि उजवीकडची कमी होत होती. आपली थाप उघडी पडणार ही भीती होती. ती थोड्याच दिवसांत लहान वाटायला लागली. खरी भीती दुसरी होती. एकदा त्यांनी बाईंना सुचवूनही पाहिलं, की घाई कशाला, भूमितीसारखं एकेक पायरी करत वाचावं. बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "मी दमलेय हो." आणि पान उलटलं. चष्मेवाल्यांना त्या दिवशी रडू आलं. एक हात सुईत अडकलेला आणि दुसऱ्यावर रक्तदाबाचा पट्टा, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

एका गुरुवारी बाईंनी पुस्तक मिटलं आणि हातोहात साहेबांपर्यंत पोचवलं. साहेबांनी घसा साफ करून शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. भरतीचं पाणी वाढत गेलं आणि समुद्र गडात शिरला. मिठाचाच गड, तो विरघळला. किल्ल्या कुणालाच मिळाल्या नाहीत, कारण उघडायला दारच उरलं नाही. तीन राण्या तीन दिशांना निघून गेल्या. जिथे दार होतं तिथे ड्रॅगन एकटाच बसून राहिला. साहेबांनी पान उलटलं, मागचं कोरं पान बघितलं, मलपृष्ठही बघितलं.

"स्वयंपाकी कुठाय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नाहीये. खजिनदारही नाही." साहेबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "चष्मेवाले, तुमचा भाचा कुठल्या छापखान्यात आहे म्हणालात?"

"छापखान्यात नाहीये," चष्मेवाले म्हणाले.

"मग कुठे आहे?"

"भाचाच नाहीये. मला बहीण नाही."

डायलिसिसच्या खोलीतल्या भांडणाची मोठी पंचाईत अशी, की कितीही राग आला तरी ताडकन उठून जाता येत नाही. साहेबांनी मान तेवढी दुसरीकडे वळवली. आपण उभं आयुष्य खोटी माणसं पकडण्यात घालवलं आणि म्हातारपणी एका चष्मेवाल्याने आपल्याला शेंडी लावली, असं ते बराच वेळ छताला सांगत होते. मग बेकरीवाला हळूच म्हणाला, "स्वयंपाकी सुटला म्हणून घरी सांगितलं होतं मी. आई किती खूश झाली होती." चार यंत्रं एका सुरात घुरघुरत राहिली. चष्मेवाल्यांना वाटलं, संपलं. आपल्याशी चार शब्द बोलणारे हेच तीन लोक होते, तेही गेले.

तेवढ्यात बाईंनी सिस्टरला हाक मारली. "सिस्टर, शनिवारपासून माझी खाट दुसऱ्या कुणाला द्या. खूप जण थांबलेत ना." आवाज नेहमीचाच होता, फळा पुसून ठेवा म्हणावं तसा.

सिस्टर हातात चिकटपट्टी धरून तशाच उभ्या राहिल्या. साहेबांची मान परत इकडे वळली. बेकरीवाल्याने साहेबांच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे हात नेला आणि मागे घेतला. तिघांनाही पुष्कळ काही बोलावंसं वाटत होतं, पण असल्या वेळचे शब्द कुणालाच येत नव्हते. चष्मेवाल्यांना तर थाप सोडून दुसरं काहीच येत नव्हतं.

"आठवा भाग येतोय," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "भाचा."

खोलीत कुणी हसलं नाही. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. गृहपाठ न केलेल्या पोरांच्या सबबी ऐकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना काय कळायचं राहणार होतं? साहेबांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा त्यांच्या काळ्यानिळ्या हातांकडे बघितलं.

"किती पानांचा?" बाई म्हणाल्या.

"हजारेक असेल," चष्मेवाले चाचरत म्हणाले.

"हजार नाही," साहेब एकदम म्हणाले. "बाराशे. मला खात्रीलायक माहिती आहे."

बेकरीवाल्याने लगेच री ओढली. "दोन खंडांत काढणारेत म्हणे. दुसऱ्याला वेळ लागेल बराच."

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांनी खांद्यावरची चादर वर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. "शनिवारचं राहू द्या, सिस्टर," त्या भिंतीला म्हणाल्या. "मी येते."

यंत्रातून सुटका झाल्यावर साहेब काठी टेकत चष्मेवाल्यांच्या खाटेपाशी आले. राग गेला नव्हताच. "बाराशे पानं मी सांगून बसलोय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझ्या शब्दाला अजून किंमत आहे. पहिलं प्रकरण शनिवारी हवं." चष्मेवाल्यांनी मान डोलावली, दंडावरची पट्टी घट्ट दाबून धरली, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदाचे तीन जाड गठ्ठे घेतले.