हौसाताईंची मोजणी

वर्गात शेगडी पेटवायची वेळ झाली की हौसाताई आम्हाला मोजत. उघड्या दाराला पाय लावून उभ्या राहत आणि बोट नाचवत, "येक, दोन, तीन..." करत अकरावर थांबत. पटावर आम्ही बाराजण. "ताई, एक राहिला!" असं आम्ही रोज चिडवायचो. त्या रोज म्हणायच्या, "बराबर हाय. पेटवा आता."

श्रीरामपुरात कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा स्वयंपाकाचा खाजगी कोर्स चालायचा. दोन खोल्या, चार गॅसच्या शेगड्या आणि उतरायला एकच अरुंद जिना. आम्ही सगळे विशीतले. राजूरच्या हौसाताई पन्नाशीच्या, जन्म चुलीपुढे गेलेला. व्हाइट सॉसला त्या बेधडक "पांढरं पिठलं" म्हणत आणि आमच्यापेक्षा चांगला करत. पण त्यांची शेगडी पेटवायला मी लागायचे. लायटर वाजला की त्या डोळे गच्च मिटत. "वास येतुया का गं?" हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून मलाही नसलेला वास यायला लागला. रात्री दचकून उठायचे. महिन्याभरात सगळा वर्ग रेग्युलेटर हुंगत फिरू लागला, शिकवणारे सरसुद्धा.

शेवटी परीक्षा आली. एकेकाने आत जायचं आणि आपली शेगडी आपणच पेटवायची. राजूरच्या एका वसतिगृहात ताईंना स्वयंपाकाचं काम मिळणार होतं, पण प्रमाणपत्र दाखवलं तरच. त्यांचा नंबर आला तेव्हा आम्ही सगळे दाराशी उभे होतो.

ताईंनी लायटर उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. परीक्षक घड्याळ बघू लागले. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ताई दाराशी आल्या, आम्हाला मोजलं आणि म्हणाल्या, "समदी खाली रस्त्यावर जा." मग मागे वळून, "सायेब, तुमीबी."

परीक्षक बाहेरगावचे, भलतेच कडक. पण तेही निमूट जिना उतरले.

खाली आम्ही खिडकीकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने वरून फोडणीचा वास आला आणि खिडकीत ताईंचा चेहरा. "या वर. पेटली!"

परीक्षकांनी भाजी चाखली आणि सही केली.

"आम्हाला का घालवलंत हो?" मी नंतर विचारलं.

"जिना येकच हाय. काई झालं तर तुमी अकराजणं आदी उतरली पायजेत. सिलिंडर बंद कराया मी हायेच की मागं."

"आणि तुम्ही?"

"तुमच्या आया वाट बगत्यात. माजी बगाया घरी कोन हाय?"

भाजीत मीठ किती, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. दाराला लावलेला तो पाय आमच्यासाठी दार उघडं धरायला होता; तो पळायच्या तयारीचा, असं समजून आम्ही वर्षभर हसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

निघताना ताईंनी सवयीने मोजलं आणि अकरावर थांबल्या.

"बारा," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरूनच जिना उतरले.