सुभेदारसाहेबांची कडी

कोंडशी गावच्या माजी सैनिक भवनातलं लष्करी पिस्तूल एकशे सात वर्षं सावधान उभं होतं आणि कुणी विश्राम म्हटल्याशिवाय आपली कडी उघडणार नव्हतं.

त्याचा हुद्दा सुभेदार. पलटणीच्या कारकुनाने ते सामानाच्या यादीत लिहायचं सोडून हजेरीपटावर लिहिलं, आणि एकदा पटावर चढलेलं नाव खोडायची हिंमत सैन्यात कुणाला असते? मग बढत्या वेळच्या वेळी मिळत गेल्या. गावात कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार जिल्ह्याची होती. शुक्रवारपर्यंत हत्यार रिकामं असल्याचा दाखला द्या, नाहीतर भट्टीत वितळवायला पाठवा, असं पत्र आलं. हे पिस्तूल गोळ्या भरायला मधोमध मोडून उघडतं आणि नेमकी तिथलीच कडी अडकलेली. मागून डोकावावं तर शंभर वर्षांचं कीटण.

भवनाचे सेक्रेटरी पिसाळ यांनी धोंडिराम शेलाराला बोलावलं. धोंडिराम पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचा, नायक म्हणून निवृत्त झालेला. त्याने आधी सुभेदारसाहेबांना सॅल्यूट केला, मग वाळूची पेटी मागवली. आत गोळ्या आहेत असंच धरून चालायचं, ही त्याची शिस्त. नळीचं तोंड वाळूकडे, बोट चापापासून लांब, हातोडी-पक्कड खोलीबाहेर. कडीच्या सांध्यात त्याने तेलाचा एक थेंब सोडला आणि स्टूल ओढून बसला. पिसाळ दर तासाला येऊन जरा जोर लावून बघायला सुचवायचे आणि धोंडिराम त्यांना दर तासाला बाहेर काढायचा.

तीन दिवस तेल मुरलं. बुधवारी सुभेदारसाहेबांनी तेलाबद्दल आभार मानले आणि कडी गंजामुळे अडकलेली नसून हुकुमामुळे अडकली आहे, असं कळवलं. हुकूम जमादार रानोजी शेलार यांचा होता. खंदकातून बाहेर पडताना ते म्हणाले होते, मी येईपर्यंत सावधान.

रानोजी म्हणजे धोंडिरामाचे आजोबा.

पिसाळांनी लगोलग गावातल्या निवृत्त कॅप्टनसाहेबांकडून विश्राम म्हणवून घेतलं. साहेब दुसऱ्या पलटणीचे निघाले, हुकूम लागू झाला नाही. मग हुकूम देणारा परत येणार नसल्याची वर्दी नात्यातल्या माणसाने द्यावी, असं ठरलं. पिसाळांनी मृत्यूचा दाखला मागितला. तो नव्हता. तेव्हा पलटणीकडून आलेल्या तारेत फक्त ‘बेपत्ता’ एवढंच होतं.

आणि शेलारांच्या घरात त्या शब्दापुढे कुणी गेलंच नव्हतं. आजी कुंकू लावूनच गेली. रानोजींचं श्राद्ध झालं नाही, फोटोला हार चढला नाही. रोज संध्याकाळी त्यांचं ताट वाढलं जाई, आधी आजी वाढायची, मग आई, आता धोंडिरामाची बायको हौसाबाई. दाराला आतून कडी लावायची नाही, हा घरचा नियम. अडकलेल्या हत्यारांवर हयात घालवलेल्या धोंडिरामाने आजोबा येणार नाहीत हे एक वाक्य कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. वाईट त्याला याचंच वाटलं.

गुरुवारी तो जेवला नाही. शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून भवनात आला, नळी वाळूकडे आहे ना ते पाहिलं आणि टाचा जुळवल्या.

“सुभेदारसाहेब, वर्दी आहे. जमादार रानोजी शेलार आता येणार न्हाईत.”

“वर्दी देणार कोण?”

“नातू.”

“खात्री आहे?”

“आज त्येंचं ताट वाढू नको म्हणून घरात सांगून आलोय.”

पिसाळांनी टिपून घेतलं. मग धोंडिरामाने विश्राम म्हटलं आणि अंगठ्याने कडी दाबली. ती लोण्यासारखी उघडली. सहाही घरं रिकामी होती.

“गोळ्या न्हवत्या, मग उभं का ऱ्हायलात?” त्याने विचारलं.

“गोळ्यांबद्दल हुकूम नव्हता,” सुभेदारसाहेब म्हणाले.

दाखला गेला. तो घेऊन गेलेल्या पिसाळांनी त्याच फेरीत सुभेदारसाहेबांची निवृत्ती मंजूर करून घेतली आणि जमादारांच्या कुटुंबात राहायची परवानगीही. संध्याकाळी धोंडिरामाने त्यांना स्वच्छ पंच्यात गुंडाळून घरी आणलं. हौसाबाईने पदर सावरून पाट मांडला. ताट वाढायची सवय एका दिवसात थोडीच जाते, तिने ते त्यांच्यासमोर ठेवलं.

जेवणं झाल्यावर धोंडिराम दार लावायला उठला. कडी हलेना. एकशे सात वर्षांत ती कुणी लावलीच नव्हती. त्याने खांदा लावला.

“जोर नको, नायक,” आतून सुभेदारसाहेब म्हणाले. “तेल सोडा आणि बसा.”

“जी साब,” धोंडिराम म्हणाला, आणि स्टूल ओढून दारापाशी बसला.