राखीव जागेतली कीड

मुख्याध्यापिकाबाईंची दाढ शेवटी काढावी लागली नाही. आता हे वाक्य विसरा. तुम्ही ते वाचलेलं नाही, मी लिहिलेलं नाही, आणि बाई अजून खुर्चीत आ करून बसलेल्या आहेत.

खुर्ची माझ्या वहिनीच्या दवाखान्यातली. वहिनी दातांची डॉक्टर. दवाखाना नवा, खुर्ची नवी, पाटी नवी. जुना काय तो संगणक. तो सुरू होईपर्यंत दुखरा दात कंटाळून आपणच पडेल, अशी त्याची ख्याती. म्हणून मी जाहीर केलं, की याच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम मी स्वतः लिहितो. बाजारातल्यासारखी लठ्ठ नाही, सडपातळ, घरची. वहिनीचं म्हणणं एवढंच होतं, की एक्स-रे दिसावा आणि पेशंटचं नाव टाइप व्हावं. इतक्या कमी अपेक्षा ठेवणाऱ्या माणसाला निराश करणं अवघड असतं. मी ते साधलं.

त्याचं असं आहे. संगणक चालू होतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. परक्या घरी आलेल्या पाहुणीसारखी ती दारात उभी असते. मेमरी किती, कुठून कुठपर्यंत, कुठल्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हे तिला आधीपासून घरात असलेल्या कोणालातरी विचारावं लागतं. हा कोणीतरी म्हणजे फर्मवेअर. यंत्रात कायमचा बसवलेला, सगळ्यांच्या आधी जागा होणारा छोटासा प्रोग्रॅम. मीही रीतसर त्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं: एवढी मेमरी तुझी, शेवटचा तुकडा राखीव.

कोणासाठी राखीव? ते काही तो सांगेना.

राखीव म्हणजे काय ते मला घरून माहीत आहे. आमच्या आईने पाहुण्यांसाठी कपांचा एक संच राखून ठेवलाय. ज्यांच्यासाठी ठेवलाय ते पाहुणे अजून जन्माला यायचे असावेत. तेव्हा मी फर्मवेअरचा नाद सोडला आणि थेट चिपसेटला गाठलं. प्रोसेसर आणि मेमरी यांची बोलणी लावून देणारी ही चिप. तिच्या पोटात बारीक बारीक कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात बसवलेल्या मेमरीचा पुरा आकडा होता, राखीव तुकड्यासकट! म्हणजे जागा होती आणि नुसती पडून होती. मी ती ताब्यात घेतली आणि पेशंटची नावं तिथूनच भरायला सुरुवात केली. शेजारच्या कप्प्यातही कसलासा आकडा होता, पण तोवर माझा आनंद एवढा झाला होता की तो बघायचं राहून गेलं.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या. सोबत तीन शिक्षिका. बाईंना दवाखाना पसंत पडला, तर सगळ्या शाळेच्या दातांची तपासणी वहिनीकडे येणार होती. तोपर्यंत वहिनीचे नेमाने येणारे पेशंट म्हणजे मी आणि दादा, आणि आमचे दात चांगले होते.

एक्स-रे पडद्यावर आला. करड्या चित्रात, डाव्या दाढेच्या मुळाशी, चार-पाच निळसर जांभळे ठिपके. वहिनी "हं" म्हणाली. बाई स्वतः वर्षानुवर्षं पालकांसमोर असंच "हं" म्हणत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना अर्थ लगेच कळला.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. ठिपके आठ झाले होते.

"डॉक्टर, हे वाढतंय का?"

वहिनीने डोळ्यांदेखत पसरणारी कीड कधी पाहिली नव्हती. पुस्तकातही नव्हती. मी मात्र खुर्ची पुढे ओढून घेतली, कारण इतकं रंगीत काही मी त्या संगणकावर कधी पाहिलं नव्हतं. ठिपके थांबत, मग एकदम सरसर धावत, पुन्हा थांबत. बाई घाबरून म्हणाल्या, काढूनच टाका ती दाढ. वहिनीने सुन्न करणारं इंजेक्शन तर दिलं, पण हात आखडता घेतला आणि आधी उजव्या बाजूचा एक्स-रे घेतला.

ठिपके त्याच जागी. दाढ दुसरी.

वहिनी माझ्याकडे वळली. आवाज शांत होता, हातात पक्कड होती.

"भाऊजी, दात बदलला आणि कीड तिथेच राहिली. ही कीड कोणाची?"

मी कान देऊन ऐकलं. ठिपके धावत तेव्हा बाहेरच्या टेबलावरून टकटक येत होती. तिथे दवाखान्यात मदतीला असणाऱ्या मावशी त्याच संगणकाच्या दुसऱ्या पडद्यासमोर बसून शिक्षिकांची नावं आणि पत्ते भरत होत्या. मी मावशींना ओरडून सांगितलं, की मी थांबा म्हणेपर्यंत 'क' दाबून धरा. मावशींनी कारण विचारलं नाही. त्यांना मी आधीपासूनच तसा वाटत होतो.

बाईंच्या जबड्यातून एक जांभळा पट्टा निघाला आणि दाढेमागून दाढ गिळत पलीकडे पोचला. फार सुंदर होता. थांबा म्हणायला मला जरा उशीर झाला.

मग तो शेजारचा कप्पा उघडून पाहिला. या जुन्या यंत्रात पडद्याला स्वतःची मेमरी नव्हतीच. पडद्यावरचं चित्र मांडायला मोठ्या मेमरीतून किती तुकडा तोडून द्यायचा, तो आकडा तिथे होता. राखीव जागा पडद्याची होती, आणि मावशी इमानेइतबारे बाईंच्या जबड्यात पत्ते लिहीत होत्या. फर्मवेअर खरं बोलत होता. कारण सांगायची त्याला सवय नव्हती, एवढंच.

तुकडा परत केला, संगणक पुन्हा सुरू केला. दाढ स्वच्छ, ठणठणीत. मी बाईंना सगळं समजावलं. त्यांचा अर्धा चेहरा सुन्न असल्यामुळे त्यांना मला मध्येच थांबवता आलं नाही. अखेर त्यांनी वर्गातल्यासारखं बोट वर केलं आणि अर्ध्या तोंडाने वहिनीला म्हणाल्या, "काढायच्या आधी दुसरा फोटो घेणारी डॉक्टर मला हवीच होती. शाळा पाठवते. फक्त हे नकोत." बोट माझ्याकडे वळलं.

वहिनीने अट ऐकता ऐकताच मान्य केली. सध्या मी दवाखान्याबाहेरच्या पायरीवर असतो, आणि हा अर्ज तिथूनच सादर करत आहे:

प्रति, मा. वहिनी. विषय: चिपसेट पाहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त यंत्रात आणखी एक कप्पा असून त्यातील आकडा दर खेपेस वेगळा येतो, व तो कशाचा हे कोठेही नमूद नाही. तरी शाळेची तपासणी चालू असताना, मुलांच्या रांगेस कोणताही अडथळा न आणता, अर्जदारास सदर कप्पा केवळ वाचण्याची (लिहिण्याची नव्हे, लिहिण्याबाबत स्वतंत्र अर्ज करण्यात येईल) मुभा द्यावी, ही नम्र विनंती.