कपाटातला एकट्याचा अल्बम

माझ्या साडूने माइक विकत घेतला, ही खरं तर त्याच्या घरची गोष्ट. पण बायको म्हणाली, "भावोजींना हौस आहे हो," आणि त्या 'हो'ने माझं डोकं फिरलं. हौस मलाही होती. फक्त मी ती कुणाला सांगितली नव्हती. (मी लाजाळू आहे. दुकानात गिऱ्हाइकाला "पंखा दुरुस्त झाला" हेसुद्धा मी पंख्याकडे बघून सांगतो.)

"मी अल्बम काढतोय," मी म्हणालो. "सात गाणी. लिहिणं, चाल लावणं, गाणं, सगळं एकट्याने."

"एकट्याने का?"

"कलेत वाटेकरी नको."

हे वाक्य कुठून आलं ते मलाही कळलं नाही. नववीत शाळा सोडल्यापासून मी एवढं वजनदार कधी बोललो नव्हतो. बायकोने ते लगेच फोनवर बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला. संध्याकाळी साडूचा फोन आला. "वा, आम्ही पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ऐकायला येतो." झालं. आता माघार घेतली असती, तर सासरच्या प्रत्येक जेवणात हा विषय मिठासारखा वाढला गेला असता.

आमच्या दोन खोल्यांत शांत जागा एकच होती, कपड्यांचं कपाट. कपडे आवाज शोषून घेतात, असं मी वाचलं होतं. खालचा कप्पा काढला, स्वस्तातला माइक आत टांगला आणि गुडघे कानाला लावून बसलो. राहिला प्रश्न बायकोच्या शिलाई मशीनचा. ती घरी कपडे शिवते आणि ते मशीन सुरू झालं की भिंतीवरचं घड्याळही थरथरतं. म्हणून नियम ठरला. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी घरी यायचं, कपाटाच्या दाराला लाल टॉवेल अडकवायचा. टॉवेल दिसला की मशीन बंद.

ती नियम काटेकोर पाळायची. तीन आठवडे मी हेडफोन लावून, डोळे मिटून गायलो. सातही गाणी झाली. मग एका रविवारी ती सगळी सलग ऐकायला बसलो आणि अंगावर काटा आला.

माझ्या आवाजामागे कुणीतरी शीळ घालत होतं.

सातही गाण्यांत. माझ्या चालीवर. मी जिथे वरचा सूर गाठताना धापा टाकत होतो, तिथे ती शीळ लिफ्टमधून गेल्यासारखी आरामात वर जात होती.

आता विचार करा. मी कपाटात, माझ्या कानाला हेडफोन आणि बाहेरच्या खोलीत बायकोजवळ शीळ घालणारा कुणीतरी. त्याला माझ्या सुट्टीची वेळ माहीत. माझ्या चाली पाठ. (माझ्या चाली तर अजून मलाही नीट पाठ नव्हत्या.)

"दुपारी घरात कोण येतं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"तुम्ही."

"मी सोडून."

"परवा इस्त्रीवाला आला होता. का?"

मी दोन शर्ट उचलले आणि तडक इस्त्रीवाल्याकडे गेलो. "तुम्हाला शीळ घालता येते?" मी शर्टांकडे बघून विचारलं. तो हसला. पुढचे चारही दात नव्हते. तरी त्याने प्रयत्न केला. नुसता वारा आला आणि माझ्या शर्टाला घडी न पडता सुरकुती पडली.

मग उरला साडू. त्याला फोन करून मी हवापाण्याचं बोललो आणि मध्येच म्हणालो, "जरा शीळ घाला बघू." त्याने घातली. बिघडलेल्या मिक्सरचा असा आवाज मी रोज ऐकतो. मन थोडं शांत झालं, पण थोडंच.

शेवटी सोमवारी सापळा लावला. टॉवेल अडकवला, आत बसलो, गाणं सुरू केलं. पण हेडफोन काढून ठेवला आणि दाराला बोटभर फट ठेवली. दुसऱ्या ओळीला शीळ सुरू झाली. मी गाता गाता फटीला डोळा लावला.

खोलीत परका कुणी नव्हता. बायको बंद मशीनपुढे बसून एका बाहीचे दोरे उसवत होती आणि ओठांचा चंबू करून, मान डोलवत शीळ घालत होती.

जीव भांड्यात पडला. पण दोन ओळी होतात न होतात, तोच तो भांड्यासकट बाहेर पडला. परका माणूस असता, तर निदान भांडता आलं असतं. ही तर माझ्यापेक्षा चांगली निघाली, आणि तेसुद्धा दोरे उसवता उसवता.

मी दार उघडलं. ती गप्प झाली. "मुलीने शीळ घालू नये, असं आई म्हणायची," ती हळूच म्हणाली. "पण मशीन बंद, तोंड मोकळं. आणि तुमच्या कानावर ते असतं. म्हटलं, कुणाला ऐकू जातंय."

"माइकला," मी म्हणालो.

त्या रात्री मी शिळेशिवाय एक गाणं पुन्हा गाऊन पाहिलं. नळाला पाणी कधी येणार याची सूचना वाटत होती. रविवार तोंडावर आला होता. मी निमूटपणे शीळवालीच गाणी ठेवली.

साडू आला, बसला, डोळे मिटून सातही गाणी ऐकली. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"शीळ कुणाची?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. तो उठून तिच्याशी हात मिळवायला गेला.

"आणि गाणं?" मी जमिनीकडे बघून विचारलं.

त्याने बराच विचार केला. "गाणंही ठीक आहे. शिळेला फारसं आडवं येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने आपला महागाचा माइक बायकोला आणून दिला. (मला कधी हात लावू दिला नव्हता.) आता दुपारी कपाटात ती बसते. तिचे गुडघे कानाला लागत नाहीत, कारण तिच्यासाठी मी आणखी एक कप्पा काढला आहे. दाराला लाल टॉवेल असतो आणि मी बाहेर बंद मशीनपुढे बसून मनातल्या मनात गुणगुणतो. शिळेची चाल मात्र माझ्याच गाण्याची आहे, एवढं एक समाधान मी मनाशी धरून ठेवलं होतं.

काल ती हेडफोन गळ्यात घालून बाहेर आली. चेहरा काळजीचा होता.

"सगळं छान आलंय हो," ती म्हणाली. "पण मागे सारखं कुणीतरी कण्हतंय. शेजारी कुणी आजारी आहे का, जरा बघून येता?"

मी चपला घातल्या आणि बघून आलो.