चौथ्या गाण्याआधीची आरोळी

इनासियो चौथ्या गाण्याला झोपत असे. तिसऱ्याला नाही, पाचव्याला नाही. आणि ते चौथं गाणंसुद्धा तेर्सियो लामुनिएनं नाट्यगृहात लोकांपुढे गायलेलंच लागे. स्टुडिओत गायलेलं तेच गाणं लावलं, की सहा महिन्यांचं ते पोर टक्क डोळे उघडून छताकडे बघत राही आणि मग भोकाड पसरी.

हे सगळं त्याच्या आईनं, जुसारानं, वहीत लिहून ठेवलं होतं. ती पालिकेच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. एका नमुन्यावरून टाकीला नावं ठेवायची नाहीत, हे तिच्या अंगात मुरलेलं. स्टुडिओची तबकडी सात वेळा, नाट्यगृहाची नऊ वेळा, आणि कुठलीच तबकडी नाही असं दोनदा. त्या दोन दिवसांची पानं तिनं नंतर फाडून टाकली.

तशी ती नाट्यगृहातली तबकडी होतीच वेगळी. स्टुडिओत तेर्सियो नीट गातो, म्हणजे ऐकणाऱ्याला काही कामच उरत नाही. नाट्यगृहात तो गिटारची तार पिळता पिळता मावशीच्या कोंबड्यांची गोष्ट सांगतो. दुसऱ्या गाण्यात ओळ विसरतो, नऊशे माणसं ती पुरवतात, आणि मग उरलेलं गाणं तीच म्हणतात. तो नुसता वाजवतो. मध्येच एक बाटली पायऱ्यांवरून गडगडत खाली जाते आणि ती थांबेपर्यंत तोही थांबतो. चौथ्या गाण्याआधी सगळं चिडीचूप होतं. त्या शांततेत एक पुरुष ओरडतो, "मोठ्यानं गा की, तेर्सियो! मागे ऐकू येत नाही!" गाणं अजून सुरूच झालेलं नसतं. मग कुठूनतरी एक लांबलचक "शूऽऽऽ" येतं, तेर्सियो खुदकन हसतो, आणि ते हसू ओठांत असतानाच गायला लागतो. ते हसू ठाऊक नाही असा माणूस सबंध मिनास प्रांतात सापडायचा नाही.

ओरडणारा तो पुरुष म्हणजे जुसाराचे सासरे बेल्मीरो, तिकडच्या मानानं सेउ बेल्मीरो.

सेउ बेल्मीरो पोस्टातून निवृत्त झाले होते, पण कोपऱ्यावरच्या बेकरीत त्यांची ओळख पोस्टातली नव्हती. "हेच ते, लामुनिएवर ओरडलेले," असं बेकरीवाला आर्लिंदो नव्या गिऱ्हाइकाला सांगे, आणि मग सेउ बेल्मीरो चीजचा पाव खाली ठेवून, घसा साफ करून, ते वाक्य म्हणून दाखवत. चाळीस-एक वर्षं हे चाललं होतं. आता त्यात नातवाची भर पडली.

"रक्त ओळखतं, पोरी," ते सुनेला म्हणत. "आजोबांचा आवाज कानावर पडला की जीव निर्धास्त होतो."

जुसारानं वहीत 'आरोळी' असं लिहून त्याखाली लाल रेघ मारली. आरोळीनंतर अकरा सेकंदांत पोर झोपे, हे तिनं घड्याळ लावून मोजलं होतं. सासूबाई, दोना इराची, कोपऱ्यात क्रोशाची सुई चालवत बसलेल्या असत. ही तबकडी लागली की त्या काही बोलत नसत. संपली की म्हणत, "झालं ना? कॉफी गाळू?"

जुसाराची रजा संपत आली होती. या सोमवारी पाळणाघर, पुढच्या सोमवारी नोकरी. पालिकेच्या पाळणाघरात जागा मिळावी म्हणून तिनं पोर पोटात असल्यापासून नाव घातलं होतं. पहिले तीन दिवस आईनं कोपऱ्यात बसायचं, मुलानं रुळायचं, अशी तिथली रीत. मुख्य बाई दोना मार्लुसे यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "खाणं, शी, रडणं, सगळं सांभाळून घेऊ, आई. दुपारची झोप मात्र हवी. एक जागा राहिला की बाराच्या बारा जागे. तीन दिवसांत नाही जमलं तर बाळाला ऑगस्टमध्ये आणा."

ऑगस्टला पाच महिने होते.

तबकडी घराबाहेर न्यायला सेउ बेल्मीरो तयार नव्हते. एकदा त्यांनी ती मेव्हण्याला दिली होती, ती आठ वर्षांनी राजम्याचा डाग लागून परत आली होती. म्हणून जुसाराच्या नवऱ्यानं, वाग्नरनं, तोच कार्यक्रम फोनवर उतरवून घेतला. कंपनीनं हल्लीच त्याची नवी आवृत्ती काढली होती. मुखपृष्ठ तेच, गाणी तीच. "आवाज एकदम स्वच्छ आहे," वाग्नर म्हणाला. जुसारा पाण्याच्या बाबतीत या शब्दावर कधी विश्वास ठेवत नसे. त्या दिवशी ठेवला.

सोमवारी बारा वाजता बारा गाद्यांवर बारा मुलं आडवी झाली. जुसारानं फोन लावला. मावशीच्या कोंबड्या गेल्या होत्या. बाटली गेली होती. दुसऱ्या गाण्यात लोक गात होते, पण शेजारच्या गल्लीत गावेत तसे. तिसऱ्या गाण्याला अकरा मुलं झोपली आणि इनासियोनं डोळे चोळले. मग शांतता आली. जुसारानं श्वास रोखला. कुणी ओरडलं नाही, कुणी शू केलं नाही. तेर्सियो लामुनिए उगाचच हसला.

इनासियोनं छताकडे पाहिलं. पुढचा दीड तास दोना मार्लुसे, त्यांच्या दोन मदतनीस आणि जुसारा अशा चौघी प्रत्येकी तीन मुलं घेऊन येरझाऱ्या घालत होत्या.

"दोन दिवस राहिले हं, आई," दोना मार्लुसे म्हणाल्या.

घरी ही बातमी वेगळ्याच ठिकाणी लागली.

"मला काढून टाकलं?" सेउ बेल्मीरो म्हणाले.

"तुम्हालाच नाही, बाबा. सगळ्यांनाच काढलंय," वाग्नर म्हणाला. "बाटलीसुद्धा नाही."

"बाटलीची गोष्ट वेगळी. बाटली चुकून पडली होती!"

शेवटी असं ठरलं की घरातली जुनी तबकडी लावायची आणि वाग्नरनं ती फोनवर ध्वनिमुद्रित करायची. संध्याकाळी बैठकीची दारं-खिडक्या लावल्या. सेउ बेल्मीरोंना तोंडातून ब्र काढायचा नाही, असं बजावलं. त्यांनी तीन गाणी ते पाळलं. मग शांतता आली, आणि बेकरीतल्या चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ऐका! आत्ता! हा मी! हा मी!" आरोळी, शू, हसू, सगळं त्याखाली गेलं. जुसारा इनासियोला आंघोळ घालत होती. वाग्नरला वाटलं, चालेल. आरोळीही यांचीच आणि हेही यांचंच.

मंगळवारी पाळणाघराच्या शांत अंधारात फोनमधून सेउ बेल्मीरो म्हणाले, "हा मी! हा मी!"

बारा मुलं एकदम उठून बसली. ज्यांना बसता येत नव्हतं ती आडवीच उठली.

"कोण हे?" दोना मार्लुसेंनी विचारलं.

जुसारानं शरमेनं मान खाली घालून सगळं सांगितलं. दोना मार्लुसे झोके देत ऐकत होत्या. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर मुलं रडत होती.

"हे बघा, आई," त्या म्हणाल्या, "ती आरोळी माझ्या मामांची आहे. दर नाताळला जेवणं झाली की ते म्हणून दाखवतात."

फाटकाबाहेर नातवाची वाट बघत उभ्या असलेल्या सेउ बेल्मीरोंना खिडकीतून हे ऐकू आलं. "कोण मामा?" ते फाटकातूनच ओरडले. "कुठल्या रांगेत बसले होते, विचारा त्यांना!"

"मामा वारले!" दोना मार्लुसे खिडकीतून म्हणाल्या.

"मग आता 'म्हणून दाखवतात' कसे?"

"आमच्याकडे त्यांची टेप आहे!"

एवढ्यात स्वयंपाकघरातून पळी घेऊन आलेली बाई म्हणाली, "काय बाई, ती आरोळी तर आमच्या पलीकडच्या न्हाव्याची ना?"

त्या दिवशी पाळणाघरात कुणीच झोपलं नाही. सेउ बेल्मीरोंचं जेवण गेलं. संध्याकाळी, मेव्हण्याच्या प्रसंगानंतर प्रथमच, त्यांनी ती तबकडी कापडात गुंडाळून घराबाहेर काढली. बेकरीत आर्लिंदोच्या वडिलांचा जुना ग्रामोफोन होता. चार माणसांसमोर, शेजारी उभं राहून, एकदा तबकडी आणि एकदा आपण, असं ओरडून दाखवायचं, की विषय मिटला. ग्रामोफोन नऊ वर्षं साखरेच्या पोत्यामागे होता. त्याची सुई तिसऱ्या गाण्यापर्यंत कशीबशी आली आणि तिथून जी घसरली ती चर्र करत थेट पाचव्या गाण्यावर जाऊन थांबली.

सेउ बेल्मीरो तबकडी छातीशी धरून घरी आले. बेकरीत त्यांनी सात-आठ वेळा ओरडून पाहिलं होतं, त्यामुळे घसा पार बसला होता. त्यांनी हातानंच सुनेला तो ओरखडा दाखवला.

जुसारानं तो दिव्याखाली धरून पाहिला. मग तिनं वही उघडली आणि 'नमुना नष्ट' असं लिहिलं. खाली पुढचे पाच महिने मांडून पाहिले: आई लांब गावी, वाग्नरची पाळी दिवसाची, बिनपगारी रजेला प्रयोगशाळेतले साहेब नाही म्हणालेले. पानभर लिहिलं, पण कुठलीच ओळ ऑगस्टपर्यंत पोहोचेना.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," दोना इराची सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "रडलाच तर घ्यायला एक माणूस जास्त."

बुधवारी त्या मक्याचा केक घेऊन आल्या, दोना मार्लुसेंना दिला, मामांची चौकशी केली आणि जुसाराशेजारी एका बुटक्या खुर्चीवर विणत बसल्या. फोनवर तीच स्वच्छ आवृत्ती लागली. दुसरं काही नव्हतंच. अकरा मुलं झोपली. इनासियोनं डोळे चोळले. शांतता आली. जुसारानं डोळे मिटून घेतले. गादीवर पोरानं हुंदका देण्यासाठी श्वास आत ओढलेला तिला ऐकू आला.

"शूऽऽऽ," दोना इराची म्हणाल्या. टाके मोजत होत्या, मान वर केली नाही.

तेर्सियो लामुनिए खुदकन हसला, आणि या वेळी त्याच्याकडे हसायला कारण होतं.

जुसारानं घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. इनासियोचा हात गादीवरून खाली लोंबत होता. दाराशी बसलेली एक मदतनीसही पेंगली होती.

"तुम्ही?" जुसारा कुजबुजली.

"मग काय, शेजारचा माणूस खुळ्यासारखा ओरडला. गप्प नको करायला?"

"म्हणजे सेउ बेल्मीरोंना?"

"ते कुठे होते तिथे?" दोना इराचींनी टाका उलटा घेतला. "ते बाहेर लाह्यांच्या रांगेत. दारावरच्या माणसानं त्यांना पाचव्या गाण्याला आत सोडलं. मीच सांगितलं, मघाशी कोणीतरी असं असं ओरडलं म्हणून. फार हसले. घरी जाईपर्यंत ते वाक्य घोळवत होते. सहा महिन्यांनी तबकडी आली, तोवर ते वाक्य त्यांचंच झालं होतं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्हटलं, चार दिवसांत विसरतील."

जुसारानं वही काढली. 'आरोळी'खालची लाल रेघ तिनं बराच वेळ पाहिली. त्याच ओळीत पुढे तिच्याच अक्षरात, कंसात, बारीक लिहिलेलं होतं: 'मग शू, मग हसू.' जन्मल्या दिवसापासून दोना इराची इनासियोला मांडीवर घेऊन असंच शू करत होत्या. आधी वाग्नरलाही त्यांनी असंच वाढवलं होतं. घरात कुणाला ते आता ऐकूच येत नव्हतं.

दीड तासानं दोना मार्लुसे चवड्यांवर चालत आल्या. त्यांनी आईकडे पाहिलंही नाही. "दोना इराची," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रोज बारा वाजता जमेल का? सोमवार ते शुक्रवार?"

घरी सेउ बेल्मीरो गळ्याला मफलर गुंडाळून आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी भुवया वर करून विचारलं. जुसारानं मान हलवली. झोपला.

"माझ्याशिवाय?" घशातून कशीबशी हवा आली. चेहरा असा, की जणू त्यांना दुसऱ्यांदा काढून टाकलं होतं.

जुसारानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई सुई शोधत होत्या. नमुना, तारीख, वेळ, निष्कर्ष: सगळं वहीत होतं आणि वही हातात होती.

"तुमच्याशिवाय कसा झोपेल?" ती म्हणाली. "ओरडलं कोणी म्हणूनच तर पुढचं सगळं झालं."

सेउ बेल्मीरोंनी डोळे पुसले. मग ते खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला, आणि त्या बसक्या आवाजातही पहिल्यापासून सुरू केलं, "ऐक, पोरी. एक्याऐंशी साल. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत..."

"शूऽऽऽ," दोना इराची म्हणाल्या.

जुसारानं सवयीनं घड्याळ पाहिलं. सेउ बेल्मीरोंना नऊच सेकंद लागले.