डोळे मिटून जेवायचा डबा

राजापेठेतले गुलाबराव आचारी डबा उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावत.

पूर्वी ते लग्नांचे आचारी. हजार-हजार पानं उठवायचे. पण कापसाची सालं एकामागून एक बुडाली, तशा खेड्यांतल्या पंगतीही आटल्या. मग गुलाबराव ज्याच्या-त्याच्या आजाराप्रमाणे डबे करून सायकलीवरून घरोघर पोचवू लागले. झाकणांवर ऑइलपेंटने लिहिलेलं: शुगर, बीपी, किडनी. माणसांची नावंही तीच. भर चौकात ओरडायचे, "ओ शुगरवाल्या बाई, उद्या उपास हाय काय?" बाई पदरात तोंड लपवायच्या.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, 'किडनी'. दर्यापूरकडचं शेत बटईने, पिकाच्या वाट्यावर देऊन ते डायलिसिससाठी माझ्याकडे आले आणि मी दारातून आत आणलेला बिनमिठाचा डबा पाहून त्यांनी जेवणच सोडलं. चार दिवसांत चेहरा एवढासा झाला. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. मी हात जोडले, चिडलो, रडलोसुद्धा. आबा भिंतीकडे तोंड करून पडून.

हे कळल्यावर गुलाबराव सरळ त्यांच्या उशाशी येऊन बसले.

"आबा, डोये मिटा. तुमच्या वावरात बसलो आपण. गोवऱ्यातून कणकीचे रोडगे काढून राहिलो. वांग्याच्या भाजीवर तर्री पाहा, बोटबोट! फुका आधी, तोंड पोयन."

आबांनी खरंच फुंकर मारली. घास घेतला. भर दुपारी खोलीत गोवऱ्यांचा धूर दरवळतोय असं मलाही वाटलं.

"लेका, हे तं लवकी हाय," आबा दुधीचा घास चावत पुटपुटले.

"डोये उघडे ठेवले तं लवकीच दिसन. मिटा!"

आबा जेवू लागले. रोज नवी पंगत, नवं गाव. मीही दाराशी उभा राहून डोळे मिटू लागलो.

एकदा ऊन फार होतं. आबांनी त्यांना आमच्याकडेच जेवायला बसवलं. गुलाबरावांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. झाकणावर 'शुगर'. दोन घास खाऊन त्यांनी झाकण लावलं.

"काहून रे?"

"जात नाही, आबा. बायको होती तवर असंच सांगे, मी खाओ. तिचीच युक्ती हे. आता सोताच सोताले सांगून पाह्यतो. चव येत नाही."

आबा कितीतरी दिवसांनी आधाराशिवाय उठून बसले.

"काय आवडे तुले?"

"तिच्या हातची पुरणपोळी."

"मंग डोये मीट, गुलाबा. तव्यावरून आत्ताच काढली. तूप सांडून राहिलं, हात पुढं कर."

गुलाबरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.