गुरुजींची मशीन अजून ठरली नाही

पिपरटोल्याच्या हिरालाल बिसेन गुरुजींना चालायचं होतं आणि गाव त्यांना चालू देत नव्हतं.

आमगावच्या डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पाहून स्पष्ट सांगितलं होतं, "गुरुजी, नुसत्या गोळ्यांनी आता भागणार नाही. रोज चाला. पोळ्यापर्यंत साखर उतरली नाही, तर इन्सुलिन. रोज सुई, पोटात." गुरुजींनी तेव्हा मान डोलावली खरी. सुईला ते आयुष्यभर भ्यायले होते. शाळेत लस टोचणारे आले की पोरांची रांग लावून द्यायची आणि आपण शाळेमागच्या विहिरीत पाणी किती आहे ते पाहायला जायचं, हा त्यांचा नेम होता. लसवाले जाईपर्यंत पाणी काही मोजून होत नसे.

म्हणून दुसऱ्याच दिवशी ते पहाटे चालायला निघाले. पण एकाच गावात उभी हयात मास्तरकी केलेल्या माणसाला चालणं सोपं नसतं. मारुतीच्या देवळापर्यंत पोचले नाहीत तोच दुधाच्या कॅना बांधलेली मोटारसायकल शेजारी थांबली. कवडू होता. गुरुजींचा जुना विद्यार्थी, एकाच वर्गात तीनदा बसलेला, त्यामुळे गुरुजींवर त्याचा जीव इतरांपेक्षा जास्त.

"कोठी चाल्ले जी गुरुजी?"

"कुठं नाही रे. फिरून राहिलो."

"असे कसे पायी फिरून राहिले? बसा, सोडून देतो."

"अरे, पण मला कुठंच जायचं नाही."

"मंग घरीच सोडून देतो न जी!"

गुरुजी बसले. करता काय, पोरगं मायेनं म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम तलावाच्या वाटेनं गेले, तर दुसऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ट्रॅक्टर थांबवला. तिसऱ्या दिवशी गल्लीबोळातून गेले, तर घराघरातून "या जी, चाय घेऊन जा" सुरू झालं. गुरुजी दारावरून बिनचहाचे गेले, ही गोष्ट पिपरटोल्यात कोणी स्वतःवर ओढवून घेणार नव्हतं. आणि गुरुजींच्या चहात साखर जरा सढळ हातानंच पडायची. आठवडाभरात गावात बातमी फिरली, की गुरुजींचं घरात पटत नाही, म्हातारा पहाटे उठून घर सोडून जातो आणि पोरं समजूत काढून परत आणून देतात.

ही बातमी विहिरीवर ऐकून आलेल्या गुरुजींच्या बायकोनं, शामकलाबाईंनीच मग तोडगा काढला.

"अजी, तुमी ते चालाची मशीन काऊन नाई घेत? माह्या भावाच्या घरी हाये नागपूरले. घरातल्या घरात चालते मानूस. कोनी बसा म्हनत नाई, कोनी चाय देत नाई."

गुरुजींना पटलं. ते एस.टी.नं गोंदियाला गेले.

जयस्तंभ चौकाजवळ मुन्नालालचं व्यायामाच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं दोन मशिनी दाखवल्या. "ये मोटरवाली है, गुरुजी. और ये बिना मोटर की. बत्ती गई तो भी चलेगी."

"दोघींत फरक काय?"

"मोटरवाली आपको चलाती है, दूसरी को आप चलाते हैं."

गुरुजी खूश झाले. 'फरक स्पष्ट करा' हा त्यांचा आवडता प्रश्न, आणि एवढं नेमकं उत्तर त्यांना कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. चपला बाहेर काढून, पट्ट्याला हात लावून नमस्कार करून ते दोन्हींवर चालून आले. ते निघताना मुन्नालाल म्हणाला, "बालाघाट रोडवाले से मत लेना. उसका पट्टा ढीला पड़ जाता है."

आता एका पोराची तक्रार ऐकून दुसऱ्याला छडी मारायची, असं गुरुजींनी जन्मात केलं नव्हतं. ते रेल्वेचा पूल चढून, उतरून बालाघाट रोडवर गेले. तिथल्या दुकानदाराला त्यांनी पट्ट्याबद्दल विचारलं. तो भडकला. "कौन बोला, मुन्नालाल? उसको बोलो, अपनी मोटर दिखा. रंग नया है, मोटर पुरानी!"

हा आरोप गंभीर होता. मुन्नालालला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी होती. गुरुजी पुन्हा पूल चढले. मुन्नालालनं झाकण उघडून मोटर दाखवली, देवाची शपथ घेतली आणि उलट विचारलं, की त्याची मशीन माणसाचं वजन तरी पेलते का. गुरुजी पुन्हा पुलावर.

गोंदियात गुरुजींना ओळखणारं कोणी नव्हतं. छत्री घेऊन एक म्हातारा पूल ओलांडतोय, यात तिथं कोणाच्या जिवाला लागण्यासारखं काही नव्हतं. रिक्षावाला एकदा विचारायचा, नाही म्हटलं की निघून जायचा. मुन्नालालनं सुरुवातीला चहा मागवला होता, पण पुढेपुढे त्यानं तोही सोडला, आणि ते गुरुजींच्या पथ्यावरच पडलं.

एक दिवसाआड गुरुजी गोंदियाला जाऊ लागले. एका मशीनची घडी होते, तर दुसरीचा आवाज कमी. एकीचा पट्टा रुंद, तर दुसरीला पुढे पाण्याची बाटली ठेवायला जागा. गंजबाजारातल्या तिसऱ्या दुकानदाराचं मत पडलं, की ते दोघेही लबाड आहेत, म्हणून त्या दोघांचं यावर म्हणणं ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी घरी आले की शामकलाबाई वैतागायच्या.

"एक मशीन घ्याले पुरा पावसाळा घालवला तुमी! पोरगी पाहाले इतका टाईम नाई लागला!"

"तेव्हा तुलना करायला वाव नव्हता," गुरुजी म्हणायचे आणि पाय चेपत बसायचे.

पोळा आला. गुरुजी डॉक्टरांसमोर बसले तेव्हा त्यांना घाम फुटला होता. मशीन घेतली नाही आणि गावात तर चालणं झालंच नाही. त्यांच्या हिशेबी सुई पक्की होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला.

"वा, गुरुजी! छान उतरली. कोणती मशीन घेतलीत?"

"अजून ठरलं नाही."

"मग चालता कुठं?"

"चालत नाही. पाहून राहिलो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. "जे काय करताय ते सोडू नका," ते म्हणाले. "दिवाळीनंतर पुन्हा तपासू. वाढलेली दिसली, तर मात्र सुई." शेजारी बसलेल्या शामकलाबाई मात्र नवऱ्याच्या झिजलेल्या चपलांकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी मशीन कधी घेता म्हणून विचारणं बंद केलं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण कवडू एकदा खव्याची गिऱ्हाइकी पाहायला गोंदियाला गेला आणि भर पावसात पूल चढणारे गुरुजी त्याला दिसले. त्यानं मुन्नालालकडे चौकशी केली. तो गावात आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. आपले गुरुजी एका मशीनपायी दुकानादुकानात फिरून राहिले, आणि आपण पोरं काय मेलो का? त्यानं घरोघर जाऊन सांगितलं. ज्यांनी ज्यांनी छड्या खाल्ल्या होत्या त्या सगळ्यांनी हात सैल सोडला.

शिक्षकदिनाला शाळेच्या पटांगणात गुरुजींचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि हार घातलेली मोटरवाली मशीन. मुन्नालाल स्वतः टेम्पोबरोबर आला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. लोकांनी गुरुजींना चालून दाखवायला लावलं. गुरुजी चालले.

"गुरुजी चालून त राहिले," मागून एक म्हातारा म्हणाला, "पन जाऊन कोठी राहिले?"

कवडूनं माइक घेतला. "आता आमच्या गुरुजीले घराबाहेर पाय ठेवाची गरज नाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींना भरून आलं, खरोखरच आलं. पोरांची माया पाहून छाती भरली आणि त्याच क्षणी पोटात, नेमकी जिथं सुई टोचतात तिथं, कळ उठली.

मशीन घरी आली, तिच्यामागून गावही आलं. सकाळपासून पडवीत माणसं. वर्गणी सगळ्यांनी दिलेली, त्यामुळे एकदा पाय लावून पाहायचा हक्क सगळ्यांना. गुरुजी खुर्चीवर बसून येणाऱ्यांबरोबर चहा घेत. त्यांची पाळी येईपर्यंत वीज जाई. चार दिवसांत त्यांना ढेकरही गोड येऊ लागली.

पाचव्या दिवशी कवडूची आई मशीनवर असताना पट्टा रेंगाळला, मोटर कण्हली आणि बंद पडली. शेतावरचे पंप सुरू झाले होते.

"व्होल्टेज कमी आहे," गुरुजी खुर्चीतून उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला. "असंच चाललं तर मोटर जळेल. पोरांनी प्रेमानं दिलेली वस्तू आहे. हिला स्टॅबिलायझर पाहिजे."

"हात्तिच्या! मी आत्ताच घेऊन येतो न जी गोंदियातून," कवडू मोटारसायकलीकडे धावला.

गुरुजींचा चेहरा पडला. तेवढ्यात शामकलाबाई हातातली चहाची किटली खाली ठेवून दारात आडव्या आल्या.

"तू नोको जाऊ, कवडू. तुले त्यातलं काय समजते? ह्याईलेच जाऊ दे. सोताच्या डोळ्यानं पाहाल्याबिगर ह्याईले पटत नाई."

त्यांनी आतून छत्री आणि पिशवी आणून नवऱ्याच्या हातात दिली. गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं एकटक त्यांनी तिच्याकडे लग्नातही पाहिलं नसेल.

संध्याकाळी ते परतले. चिखलानं पाय भरले होते, चेहरा टवटवीत होता आणि पिशवी रिकामी होती.

"भेटला का?" शामकलाबाईंनी पाय धुवायला पाणी ठेवत विचारलं.

"आज विजेच्या सामानाची दोनच दुकानं पाहिली. बालाघाट रोडवाला म्हणतो, चौकातल्याच्या स्टॅबिलायझरात तांब्याची तारच नाही."

"हो का?" शामकलाबाई म्हणाल्या. "मंग परवा जाऊन चौकातल्याले इचारा न. एकाचंच कायले आयकता?"